तारखेची स्ट्रिंग आणि टाइमझोन: मोबाइल ॲपमध्ये कोणत्या क्रमाने हाताळायचं

वेळ साडेपाच तास मागे दिसते. जन्मतारीख एक दिवस आधीची येते. मराठीत ठेवलेल्या फोनवरून गेलेली विनंती सर्व्हर नाकारतो. मोबाइल ॲपमधल्या तारखेच्या बहुतेक तक्रारी या तिघींपैकी एक असतात आणि तिघींचं मूळ एकच असतं. एक पॅटर्न लावून मजकूर वाचला, दुसरा लावून छापला, पण ही वेळ नेमकी कुठली हे मधे कुणी विचारलंच नाही.

खालचा क्रम अँड्रॉइड (कॉटलिन), आयफोन (स्विफ्ट) आणि फ्लटर यांना धरून आहे. जावास्क्रिप्ट जिथे वेगळी वागते तिथेच तिचा उल्लेख केला आहे. सगळीकडे एकच नमुना क्षण वापरू: १४ नोव्हेंबर २०२५, १८:४५ यूटीसी (जगाची प्रमाण वेळ, भारत तिच्या साडेपाच तास पुढे). त्याच क्षणी भारतात १५ नोव्हेंबरचे ००:१५ झालेले असतात आणि न्यू यॉर्कमध्ये १४ नोव्हेंबरच्या दुपारचे १३:४५. तारीख दोन ठिकाणी वेगळी पडते म्हणूनच हा क्षण निवडला आहे. दुपारची वेळ घेऊन चाचणी केली तर निम्म्या चुका दिसतच नाहीत.

इथे अंक, पॅटर्नची अक्षरं आणि क्लासची नावं देवनागरीत लिहिली आहेत. कोडमध्ये ती अर्थातच इंग्रजीत टाकायची.

टप्पा १: फील्ड कोणत्या जातीचं आहे ते ठरवा

कोडला हात लावण्याआधी ॲपमधल्या प्रत्येक तारीख-फील्डची यादी करा आणि प्रत्येकासमोर तीनपैकी एक शब्द लिहा.

*क्षण.* जगभर एकाच वेळी घडलेली गोष्ट: पेमेंट झालं, मेसेज गेला, ऑर्डर निघाली. ही यूटीसीत साठवायची आणि दाखवताना वापरणाऱ्याच्या झोनमध्ये न्यायची.

*नुसती तारीख.* जन्मतारीख, पॉलिसीची मुदत, सणाची सुट्टी. हिला वेळ नसते आणि झोनही नसतो. हिच्यावर टाइमझोनचं रूपांतर कधीच करायचं नाही. अँड्रॉइडवर लोकलडेट हा प्रकार वापरा. स्विफ्ट आणि डार्टमध्ये (फ्लटरची भाषा) वर्ष, महिना, दिवस असे तीन आकडे धरणारा छोटा प्रकार स्वतः बनवा.

*घड्याळी वेळ आणि ठिकाण.* ‘दर शनिवारी पुण्याच्या वेळेनुसार संध्याकाळी ७:३०’. इथे वेळ, झोनचं नाव आणि पुनरावृत्तीचा नियम तिन्ही साठवावे लागतात. नुसता यूटीसी क्षण पुरत नाही. कारण टप्पा ६ मध्ये येईल.

सगळ्यात जास्त गफलत दुसऱ्या जातीत होते. जन्मतारीख ‘मध्यरात्रीचा क्षण’ म्हणून साठवली की ती झोनबरोबर सरकायला लागते. भारतात राहूनही यातून सुटका नाही. सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात भारताचं घड्याळ यूटीसीच्या साडेसहा तास पुढे होतं आणि टाइमझोनच्या डेटाबेसमध्ये तशी नोंद आहे. समजा १० मे १९४३ ची मध्यरात्र एशिया/कोलकाता (भारताच्या झोनचं नाव) धरून यूटीसीत नेली आणि वाचताना कुणी सरळ साडेपाच तास मिळवले. उत्तर येतं ९ मे, रात्री ११. पेन्शन किंवा विम्याच्या ॲपमध्ये फक्त ज्येष्ठांच्या जन्मतारखा चुकत असतील, तर हे आधी बघा.

तपासा: यादीत ‘बहुतेक क्षण असावा’ असं एकही फील्ड उरता कामा नये. शंका असेल तर बॅकएंडवाल्यांना (सर्व्हरचा कोड लिहिणाऱ्यांना) विचारा, अंदाज बांधू नका.

टप्पा २: सर्व्हरकडून खरा मजकूर मिळवा

एपीआयच्या (ॲप आणि सर्व्हर यांच्या ठरलेल्या देवघेवीच्या) माहितीपत्रात ‘आयएसओ ८६०१’, म्हणजे तारीख-वेळ लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं नाव, एवढंच लिहिलेलं असतं. त्या एका नावाखाली पुढचे सगळे नमुने येतात (शेवटचं झेड म्हणजे यूटीसी, +०५:३० म्हणजे यूटीसीपासूनचा फरक, त्यालाच ऑफसेट म्हणतात):

२०२५-११-१४टी१८:४५:००झेड
२०२५-११-१४टी१८:४५:००.१२३झेड
२०२५-११-१५टी००:१५:००+०५:३०
२०२५-११-१५टी००:१५:००+०५३०
२०२५-११-१५टी००:१५:००

म्हणून प्रत्यक्ष उत्तरातले किमान वीस-पंचवीस नमुने काढा, त्यात जुन्या नोंदीही घ्या, आणि पुढच्या प्रश्नांची उत्तरं लेखी घ्या. सेकंदाचे अपूर्णांक कधी येतात, कधी गळतात? (काही सर्व्हर अपूर्णांक शून्य असेल तर तो छापतच नाहीत. मग हजारातून एखादीच नोंद वेगळ्या आकाराची येते.) ऑफसेटमध्ये विसर्गचिन्ह (:) असतं का? तारखेऐवजी नुसता आकडा (१ जानेवारी १९७० पासून मोजलेला काळ) येत असेल तर तो सेकंदांचा की मिलिसेकंदांचा? आपल्या नमुना क्षणाचा आकडा सेकंदांत १७६३१४५९०० म्हणजे दहा अंकी होतो, मिलिसेकंदांत तेरा अंकी. फील्ड रिकामं येतं तेव्हा नल (‘काहीच नाही’ची खूण) येतो, रिकामी स्ट्रिंग येते की शून्य?

वरचा पाचवा नमुना सगळ्यात घातक. त्यात झोन नाहीच, त्यामुळे तो क्षण आहे की घड्याळी वेळ हे मजकुरावरून कळायला मार्ग नाही. शक्य असेल तर बॅकएंडला झेड किंवा ऑफसेट जोडायला लावा. नाहीच जमलं तर ‘हे फील्ड यूटीसीत असतं’ किंवा ‘भारतीय वेळेत असतं’ असं कोडमध्ये त्या फील्डच्या शेजारी स्थिरांक म्हणून लिहा. फोनचा चालू झोन तिथे गृहीत धरू नका. पुण्यात बसून केलेल्या चाचण्या पास होतात आणि दुबईतल्या ग्राहकाला दीड तासाचा फरक पडतो.

टप्पा ३: मजकुरातून क्षण काढा

स्ट्रिंगमधून थेट दुसरी स्ट्रिंग बनवायची नाही. आधी योग्य प्रकारात आणायचं, नंतर छापायचं. ‘टी’वर तोडून पहिला भाग तारीख म्हणून दाखवणं हा शॉर्टकट आपल्या नमुन्यावर लगेच उघडा पडतो: भारतात १५ तारीख लागलेली असताना पडद्यावर १४ दिसते.

*अँड्रॉइड.* जावा.टाइम वापरा. अँड्रॉइड ८.० म्हणजे एपीआय २६ पासून ते फोनमध्येच असतं. त्याखालच्या आवृत्त्यांसाठी ग्रेडलमध्ये कोअर लायब्ररी डीशुगरिंग चालू करा. क्षणासाठी ऑफसेटडेटटाइम.पार्स आणि त्यावर टूइन्स्टंट. झेड, +०५:३० आणि कितीही अंकी अपूर्णांक (नऊपर्यंत) यात चालतात. विसर्गचिन्ह नसलेला +०५३० मात्र चालत नाही. तो येत असेल तर वेगळा फॉरमॅटर बांधा.

*आयफोन.* आयएसओ८६०१डेटफॉरमॅटर. याची खोड अशी की मूळ सेटिंगमध्ये अपूर्णांक चालत नाही, आणि विथफ्रॅक्शनलसेकंड्स चालू केलं की अपूर्णांक नसलेला मजकूर चालत नाही. दोन्ही बाजूंनी उत्तर नल येतं. त्यामुळे दोन फॉरमॅटर ठेवा, आधी एक लावा, नल आलं तर दुसरा. हे एका फंक्शनमध्ये बंद करून टाका. प्रत्येक स्क्रीनवर परत लिहायला लागलात तर कुठेतरी एक विसरणारच.

*फ्लटर.* डेटटाइम.पार्स. झेड किंवा ऑफसेट असेल तर उत्तर यूटीसीत मिळतं, दाखवण्याआधी टूलोकल करावं लागतं. झोन नसेल तर फोनचा झोन गृहीत धरला जातो, तेही मुकाट्याने.

*जावास्क्रिप्ट.* नुसती ‘२०२५-११-१४’ दिली तर ती यूटीसीची मध्यरात्र समजते. तीच ‘टी००:००:००’ जोडून दिली तर स्थानिक मध्यरात्र. भारतात पहिल्या प्रकारात तारीख बरोबर दिसते (पहाटेचे साडेपाच), म्हणून चूक लपते. न्यू जर्सीत तीच १३ नोव्हेंबर होते.

सावधान: पॅटर्नमध्ये झेड अवतरणचिन्हांत टाकू नका. ही या विषयातली सगळ्यात महागडी चूक आहे आणि तयार उत्तरांमधून ती पिढ्यान्‌पिढ्या कॉपी होत आली आहे. अवतरणांतलं झेड म्हणजे ‘इथे झेड हे अक्षर आहे, त्याला अर्थ नाही’. मग जावाचं जुनं सिंपलडेटफॉरमॅट, स्विफ्टचा डेटफॉरमॅटर आणि डार्टचा डेटफॉरमॅट तिघंही १८:४५ ही फोनची स्थानिक वेळ समजतात. नमुना क्षण १५ तारखेच्या ००:१५ ऐवजी १४ तारखेचे १८:४५ म्हणून छापला जातो. पॅटर्न लिहायचाच असेल तर झेडच्या जागी अवतरणांशिवाय तीन कॅपिटल एक्स टाका. ते झेड आणि +०५:३० दोन्ही वाचतात. डार्टच्या इंटल पॅकेजमध्ये ही सोय नाही, तिथे डेटटाइम.पार्सच वापरा.

सावधान: सिंपलडेटफॉरमॅट मुळात ढिलं आहे. ‘२५/१२/२०२५’ हा मजकूर महिना-आधी पॅटर्नने वाचायला दिला तर ते तक्रार करत नाही. पंचविसावा महिना मोजून १२ जानेवारी २०२७ काढून देतं. जुन्या कोडमध्ये ते ठेवावंच लागत असेल तर सेटलेनियंट फॉल्स करा. जावा.टाइमही पूर्ण कडक नाही: स्वतःच्या पॅटर्नने वाचलेली ३० फेब्रुवारी २०२५ गुपचूप २८ फेब्रुवारी होते. वापरणाऱ्याने टाइप केलेली तारीख तपासायची असेल तर रिझॉल्व्हरस्टाइल.स्ट्रिक्ट लावा आणि वर्षासाठी चार वायऐवजी चार स्मॉल यू लिहा. वाय ठेवलात तर कडक पद्धतीत ते इसवी सन की इसवी सनापूर्व हेही मागतं आणि बरोबर तारीखसुद्धा नाकारतं.

टप्पा ४: पॅटर्नमधली अक्षरं एकेक करून वाचा

हे काम दोन मिनिटांचं आहे आणि कुणी करत नाही.

कॅपिटल एम म्हणजे महिना, स्मॉल एम म्हणजे मिनिटं. कॅपिटल एच म्हणजे ० ते २३ तास, स्मॉल एच म्हणजे १ ते १२. स्मॉल एच असेल तर सोबत एएम-पीएमचं स्मॉल ए हवंच, आणि कॅपिटल एच असेल तर ते नको. ‘०५:३० पीएम’ कॅपिटल एचने वाचलं तर सिंपलडेटफॉरमॅट पीएमकडे काणाडोळा करून सकाळचे साडेपाच देतं. स्मॉल डी महिन्यातला दिवस, कॅपिटल डी वर्षातला: १४ नोव्हेंबरला ३१८ छापलं जातं.

कॅपिटल वाय हे आठवड्यावर आधारलेलं वर्ष आहे. वर्षभर ते स्मॉल वायसारखंच उत्तर देतं. २९ डिसेंबर २०२५ ला मात्र ते २०२६ छापतं, कारण तो आठवडा पुढच्या वर्षाचा पहिला धरला जातो. डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत बिलांवर पुढचं साल आलं तर पॅटर्नमध्ये कॅपिटल वाय शोधा.

टप्पा ५: यंत्रासाठीचा मजकूर आणि माणसासाठीचा मजकूर वेगळे करा

मराठी वापरणाऱ्यांना सगळ्यात जास्त फटका इथे बसतो.

भाषांची माहिती पुरवणाऱ्या सीएलडीआर या संग्रहात मराठीची मूळ अंकपद्धती देवनागरी आहे. हिंदीची मात्र इंग्रजी अंकांची. त्यामुळे हिंदीत ठेवलेल्या फोनवर चाचणी करून ‘भारतीय भाषा तपासल्या’ असं समजलं जातं, आणि मराठी फोनवर तोच कोड सर्व्हरला ‘२०२५-११-१५’ हे अक्षरशः देवनागरी अंकांत पाठवतो. नेपाळी, बांगला, फारसी आणि इजिप्तच्या अरबीतही हाच प्रकार होतो.

चूक ॲपच्या आत सापडत नाही, कारण जावाचं पार्सइंट देवनागरी अंकही आनंदाने स्वीकारतं. स्वतः लिहिलेलं स्वतः वाचता येतं. अडतं ते सर्व्हरवर किंवा स्थानिक डेटाबेसमध्ये. तारीख मजकूर म्हणून एसक्यूलाइटमध्ये साठवली असेल आणि वापरणाऱ्याने मधेच फोनची भाषा बदलली, तर काही ओळी इंग्रजी अंकांत, काही देवनागरीत राहतात. युनिकोडमध्ये देवनागरी अंक इंग्रजी अंकांच्या नंतर येतात. मग देवनागरीतली जुनी नोंदही क्रम लावताना ‘नवीन’ ठरते.

म्हणून कोडमध्ये दोन वेगळे कप्पे करा.

*यंत्रासाठी* (एपीआय, डेटाबेस, फाइलचं नाव, लॉग): अँड्रॉइडवर लोकेल (भाषा आणि प्रदेशाची निवड) म्हणून लोकेल.यूएस ठामपणे द्या. कॉटलिनच्या ‘%०२डी’ प्रकारच्या फॉरमॅटलाही लोकेल द्यावं लागतं, नाहीतर तेही फोनची भाषा धरतं. सिंपलडेटफॉरमॅटला लोकेल दिलं नाही की लिंट (कोडमधल्या संशयास्पद जागा दाखवणारं साधन) पिवळा इशारा देतो. तो घालवायला बरेचजण लोकेल.गेटडिफॉल्ट टाकतात. इशारा जातो, चूक जागेवरच राहते. आयफोनवर डेटफॉरमॅटरला एन_यूएस_पॉझिक्स हे लोकेल आणि टाइमझोन दोन्ही द्या. ते दिलं नाही तर फोनमधल्या २४ तासांच्या बटणाने तुमचा कॅपिटल एच बदलला जाऊ शकतो आणि बरोबर मजकूरही नल होऊन येतो. शिवाय फोनवर बौद्ध कॅलेंडर निवडलं असेल तर २०२५ च्या जागी २५६८ जातं. फ्लटरमध्ये टूआयएसओ८६०१स्ट्रिंग नेहमी इंग्रजी अंक देतं, तेच वापरा.

*माणसासाठी* (पडदा, नोटिफिकेशन): फोनची भाषा धरा आणि पॅटर्न स्वतः लिहू नका. कोणते घटक हवेत तेवढं सांगा, क्रम आणि विरामचिन्हं प्रणालीला ठरवू द्या. अँड्रॉइडवर गेटबेस्टडेटटाइमपॅटर्न, आयफोनवर सेटलोकलाइज्डडेटफॉरमॅटफ्रॉमटेम्प्लेट (आधी लोकेल, मग हे, उलटं केलं तर जुन्या भाषेचा क्रम येतो), फ्लटरमध्ये डेटफॉरमॅटचे तयार कन्स्ट्रक्टर. फ्लटरमध्ये त्याआधी इनिशियलाइझडेटफॉरमॅटिंग एकदा चालवावं लागतं, नाहीतर मराठी लोकेल मागताच ॲप अपवाद (एक्सेप्शन) फेकतं.

जावा.टाइममध्ये एक विचित्र मधली स्थिती आहे. मराठी लोकेल दिलं तर महिना ‘नोव्हें’ असा मराठीत येतो, पण अंक इंग्रजीच राहतात. देवनागरी अंक हवे असतील तर विथडेसिमलस्टाइलमध्ये डेसिमलस्टाइल.ऑफ आणि लोकेल द्या. दोन्ही चालतं, फक्त एका ॲपमध्ये एकच ठेवा. एका स्क्रीनवर १५ नोव्हेंबर देवनागरीत आणि पुढच्या स्क्रीनवर इंग्रजी अंकांत, हे ओंगळ दिसतं.

सावधान: माणसासाठी छापलेला मजकूर कधीही परत वाचू नका. त्याचा आकार प्रणालीच्या आवृत्तीबरोबर बदलतो. २०२२ च्या सीएलडीआर ४२ मध्ये अमेरिकन इंग्रजीत वेळ आणि एएम-पीएम यांच्या मधली साधी मोकळी जागा जाऊन तिथे न तुटणारी अरुंद जागा आली. डोळ्यांना फरक कळत नाही, पण पार्सरला कळतो, आणि तो अडतो. याच न्यायाने इंग्रजी महिना असलेला मजकूर (‘१४ नोव्ह २०२५’ इंग्रजीत) सर्व्हरकडून येत असेल तर वाचताना इंग्रजी लोकेल द्या. मराठी लोकेल त्यात ‘नोव्हें’ शोधत बसतं.

टप्पा ६: झोन बदला, पण नावाने

क्षण हातात असेल तर झोन बदलणं एका ओळीचं काम आहे: अँड्रॉइडवर ॲटझोन, आयफोनवर फॉरमॅटरचा टाइमझोन, फ्लटरमध्ये टाइमझोन नावाचं पॅकेज (डार्टला स्वतःला यूटीसी आणि फोनचा झोन हे दोनच कळतात). अवघड आहे ते झोन कसा लिहायचा हे.

‘आयएसटी’ लिहू नका. भारत, इस्रायल आणि आयर्लंड तिघंही ते वापरतात. ‘+०५:३०’ एवढंच साठवू नका, कारण ऑफसेट म्हणजे त्या क्षणापुरतं उत्तर, नियम नव्हे. एशिया/कोलकाता, अमेरिका/न्यू_यॉर्क, युरोप/लंडन अशी पूर्ण नावं साठवा. जुनं एशिया/कॅलकटा हे नाव काही प्रणाली अजून परत देतात. दोन्हींचा झोन एकच आहे, तेव्हा दोन झोन सारखे आहेत का हे नावांची स्ट्रिंग जुळवून ठरवू नका.

सावधान: टाइमझोन.गेटटाइमझोनला अनोळखी नाव दिलं तर जावा चूक दाखवत नाही, जीएमटी हातात ठेवतं. स्पेलिंगमधली एक चूक साडेपाच तासांची होते. झोनआयडी.ऑफ वापरा, ते अपवाद फेकतं.

ऑफसेट तासांत, पूर्णांकात साठवणारा कोड भारतात पहिल्याच दिवशी मोडतो, नेपाळात (+०५:४५) तर आणखीच. मिनिटांत किंवा सेकंदांत धरा.

आता घड्याळी वेळेकडे. पुण्यातल्या गुरूंची गाण्याची ऑनलाइन शिकवणी दर शनिवारी ७:३० ला आहे, विद्यार्थी न्यू जर्सी, लंडन आणि दुबईत आहेत. उन्हाळ्यात न्यू जर्सीत तेव्हा सकाळचे १० वाजतात, हिवाळ्यात ९. लंडनमध्ये दुपारचे ३ आणि २. दुबईत बाराही महिने संध्याकाळचे ६. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ बदलते, ब्रिटन मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. त्यामुळे वर्षात दोनदा असा काळ येतो की न्यू जर्सी बदललेलं असतं आणि लंडन नाही, किंवा उलट. पहिल्या शिकवणीचा यूटीसी क्षण घेऊन त्यात दर वेळी सात दिवस मिळवले, तर इथे योगायोगाने बरोबर येतं, कारण भारताचं घड्याळ बदलत नाही. गुरू न्यू जर्सीतल्या एडिसनला राहत असतील आणि वेळ तिथली ठरली असेल, तर तोच कोड मार्चमध्ये सगळ्यांना एक तास चुकीची वेळ दाखवतो.

वेळ कुणाची स्थिर, हा निर्णय कोडचा नाही. तो आधी विचारून घ्या आणि त्याच झोनचं नाव साठवा. भविष्यातल्या प्रत्येक तारखेचा क्षण दाखवण्याच्या वेळी त्या झोनच्या नियमांनी काढा. नियम बदलतातही: ऑक्टोबर २०२२ मध्ये मेक्सिकोने बहुतांश देशात घड्याळ बदलणं बंद केलं. आधीच यूटीसीत गोठवलेल्या भेटी तिथे एक तास सरकल्या असणार.

अस्तित्वात नसलेली वेळही येते. न्यू यॉर्कमध्ये ८ मार्च २०२६ ला ०२:३० वाजणारच नाहीत. जावा.टाइम तिथे ०३:३० करतं. १ नोव्हेंबर २०२६ ला ०१:३० दोनदा वाजतील, एकदा ०५:३० यूटीसीला आणि एकदा ०६:३० ला. जावा.टाइम त्यातली पहिली निवडतं. अलार्म किंवा औषधाची आठवण असेल तर कोणती हवी ते ठरवून ठेवा.

टप्पा ७: ‘आज’, ‘काल’ आणि दिवसाची हद्द

दोन क्षणांतला फरक २४ तासांनी भागून ‘काल’ ठरवू नका. रात्री ११:५० चा मेसेज १२:१० ला ‘आज’ दाखवला जातो. दोन्ही क्षण वापरणाऱ्याच्या झोनमध्ये न्या, त्यातून नुसत्या तारखा काढा, आणि त्यांतले दिवस मोजा.

एका भारतीय दिवसाचे व्यवहार मागवायचे असतील तर १५ नोव्हेंबर म्हणजे १४ तारखेच्या १८:३० यूटीसीपासून १५ तारखेच्या १८:३० च्या आधीपर्यंत. सुरुवात धरून, शेवट वगळून. २३:५९:५९ लिहिलंत तर शेवटच्या सेकंदाच्या अपूर्णांकातले व्यवहार गळतात. दिवसाची सुरुवात ००:०० असं हाताने लिहू नका. इजिप्तमध्ये एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी घड्याळ मध्यरात्रीच एक तास पुढे जातं आणि तो दिवस ०१:०० ला सुरू होतो. अँड्रॉइडवर ॲटस्टार्टऑफडे आणि आयफोनवर स्टार्टऑफडे हे सांभाळतात. फ्लटरमध्ये एक दिवस मिळवताना ड्युरेशन वापरलं तर ते २४ तास मिळवतं. त्याऐवजी दिवसाच्या आकड्यात एक मिळवून नवी तारीख बांधा.

टप्पा ८: परत पाठवताना

क्षण यूटीसीत, शेवटी झेड. नुसती तारीख नुसतीच.

फ्लटरमध्ये इथे हमखास खड्डा आहे: स्थानिक डेटटाइमवर टूआयएसओ८६०१स्ट्रिंग चालवलं तर त्यात झोन येतच नाही. सर्व्हर तो मजकूर यूटीसी समजतो आणि वेळ साडेपाच तास पुढे जाऊन बसते. आधी टूयूटीसी, मग स्ट्रिंग.

तारीख निवडण्याचे तयार पिकरही तपासा. अँड्रॉइडचा मटेरियल डेट पिकर निवडलेल्या दिवसाची यूटीसी मध्यरात्र मिलिसेकंदांत देतो. ती फोनच्या झोनमध्ये वाचली तर अमेरिकेत आदला दिवस मिळतो. यूटीसी धरून लोकलडेट काढा.

टप्पा ९: चाचणी

चाचण्या चालवणारं मशिन बहुतेक वेळा यूटीसीवर असतं, आणि यूटीसीवर झोनची एकही चूक दिसत नाही. तीच चाचणी एशिया/कोलकाता, अमेरिका/न्यू_यॉर्क आणि एशिया/काठमांडू लावून तीनदा चालवा. हातात एक फोन मराठीत ठेवा, दुसरा बौद्ध कॅलेंडर लावलेला आयफोन.

तपासायचे क्षण: आपला नमुना, त्याच दिवशीचे १८:२९:५९ आणि १८:३०:०० यूटीसी, वर दिलेल्या न्यू यॉर्कच्या दोन वेळा, २९ डिसेंबर २०२५, २९ फेब्रुवारी २०२४ आणि (नाकारली जायला हवी अशी) २९ फेब्रुवारी २०२५. अपूर्णांक शून्य, तीन आणि सहा अंकी. शेवटी ॲप उघडं असताना फोनचा झोन आणि भाषा बदला. एकदा बनवून ठेवलेला फॉरमॅटर जुनाच झोन धरून बसला असेल तर तो इथे पकडला जातो.

लक्षणावरून दोष

*साडेपाच तास मागे:* यूटीसी मजकूर स्थानिक समजला गेला. अवतरणांतलं झेड शोधा.

*साडेपाच तास पुढे:* रूपांतर दोनदा झालं. बॅकएंड भारतीय वेळ पाठवून तिला झेड जोडतोय का ते बघा.

*काही महिनेच एक तास फरक:* झोनच्या नावाऐवजी ऑफसेट साठवला आहे.

*फक्त अमेरिकेत एक दिवस मागे:* नुसती तारीख क्षण म्हणून हाताळली.

*२१ जानेवारी १९७०:* सेकंदांचा आकडा मिलिसेकंद म्हणून वाचला. उलट केलं तर साल ५७ हजारांच्या पुढे जातं.

*नोव्हेंबरभर प्रत्येक वेळेची मिनिटं ११:* मिनिटांच्या जागी कॅपिटल एम.

*इन्स्टंट छापताना अनसपोर्टेड अपवाद:* इन्स्टंटला वर्ष-महिना नसतो. आधी ॲटझोन, किंवा फॉरमॅटरला विथझोन.

*क्वचित, गर्दीच्या वेळी, भलतीच तारीख:* एकच सिंपलडेटफॉरमॅट अनेक थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) वापरताहेत आणि ते त्यासाठी बनलेलं नाही. डेटटाइमफॉरमॅटर लावा, तो एकदा बनल्यावर बदलत नाही, म्हणून सगळ्यांत वाटून वापरता येतो.